विद्यापीठाचे दप्तर आणि आपला विद्यार्थी

दरवर्षी जून महिना लागला की आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर मुलांची गर्दी होते. कोणी बारावी होऊन आलेला असतो, कोणी पदवीच्या दुसऱ्या वर्षात अडकलेला असतो. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत कागद असतात. बापाने पत्र्याच्या पेटीत तळाशी जपून ठेवलेले, घडीवर फाटलेले, एकदा पावसात भिजून वाळलेले. "काय शिकायचंय?" असे विचारले की मुलगा क्षणभर गप्प राहतो आणि पिशवी पुढे करतो. "सर, हे कागद बघा. ह्यात काय बसतंय ते सांगा." आपण काय शिकायचे हे आपल्या मनावर नसून कागदावर ठरते, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. पण ते त्याला पक्के ठाऊक असते.

शाळेतल्या अस्पृश्यतेबद्दल आपल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. वर्गाबाहेर बसवलेले पोर, वरून ओतलेले पाणी, गुरुजींची दुरून फेकलेली छडी या गोष्टी आता मराठी वाचकाला अपरिचित राहिलेल्या नाहीत. विद्यापीठाच्या खिडकीवर जे घडते ते मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. कारण तेथे कोणी जातीवरून शिवी देत नाही. तेथे फक्त "उद्या या" असे म्हणतात. किंवा "हा कागद चालत नाही" असे म्हणतात, किंवा हल्लीच्या भाषेत "सर्व्हर डाऊन आहे" म्हणतात. शिवीला उत्तर देता येते. "उद्या या" याला उत्तर कसे द्यायचे, हे आपल्या चळवळीने आपल्याला अजून नीटसे शिकवलेले नाही. हा लेख त्या दप्तराची उकल करून दाखवण्यासाठी आहे.

गावगाड्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. सरकारी खजिना तालुक्याला पोचवायचा तो महारानेच. गावाची खडान् खडा माहिती त्याच्या डोक्यात असे. पण लेखणी कुलकर्ण्याच्या हाती आणि दप्तर कुलकर्ण्याच्या घरात. ज्याला सगळे ठाऊक, त्याच्या नावावर काही नाही, आणि ज्याच्याकडे लेखणी, त्याचेच खरे, अशी ती व्यवस्था होती. म. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला, तेव्हा त्यांच्या रोषाचा मोठा भाग सरकारी कचेऱ्यांतील कारकुनशाहीवर होता, तो उगाच नव्हे. जो वाचू शकत नाही त्याला कागद लुबाडतो, हे त्यांनी ओळखले होते. आज आपली मुले वाचू शकतात. तरीही कागद त्यांना अडवतो. असे का होते, ते मुळापासून पाहिले पाहिजे.

विद्यापीठाच्या दप्तराचे मूळ विद्यापीठात नसते. ते गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरात असते. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जे लिहिले, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते, दाखल्यावरून दहावीच्या बोर्डाकडे जाते आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावरून विद्यापीठात उतरते. माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या थोरल्या भावाची १ जून आहे, आणि आमच्या वस्तीतल्या निम्म्याअधिक मुलांची तीच आहे. आईला पोळ्याच्या आसपासचा पाऊस आठवत होता, तारीख आठवत नव्हती. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून गुरुजींनी सोयीची तारीख टाकली आणि त्या दिवशी आम्ही सारे सरकारदरबारी जन्मलो. तारखेचे एक वेळ सोडून देऊ. नावाचे तसे नाही. कुठे 'पांडुरंग' तर कुठे 'पांडूरंग', कुठे आडनाव तर कुठे गावाच्या नावावरून पडलेले उपनाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारकार्डावर शेवटी. एवढ्याशा फरकाने आज संगणक मुलाला ओळखत नाही.

सातारच्या ज्या शाळेत बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले, तेथील रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. घराण्याचे सकपाळ हे नाव तेथे नाही. ज्या नावाने पुढे जग त्यांना ओळखू लागले, ते असे शाळेच्या एका ओळीतून आले आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्र शासन 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. त्या दिवशी शाळांतून भाषणे होतात. माझ्या मते त्या दिवशी प्रत्येक शाळेने दहावीच्या मुलांना रजिस्टरातील त्यांची स्वतःची नोंद उघडून दाखवावी. कारण मूल शाळेत आहे तोवर नावातली चूक मुख्याध्यापकाच्या पातळीवर सुधारता येते. दाखला काढून मूल बाहेर पडले की तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत जाते, आणि बोर्डाचे प्रमाणपत्र छापून आल्यावर तर शाळेमार्फत बोर्डापर्यंत. जे काम दहावीच्या वर्गात एका अर्जाने होते, त्याला पुढे वर्ष जाते.

दुसरा कागद जातीचा. येथे आपली गोष्ट इतरांहून वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुष्कळ बापांनी मोठ्या अभिमानाने मुलांच्या नावासमोर 'बौद्ध' असे लिहवून घेतले. काहींनी नुसते 'बौद्ध' लिहिले, काहींनी 'नवबौद्ध', काहींनी सवलत जाईल या भीतीने 'हिंदू महार' तसेच ठेवले. एका घरातल्या तीन भावांच्या दाखल्यांवर तीन प्रकार मी पाहिले आहेत. महाराष्ट्र राज्याने १९६० च्या सुमारास नवबौद्धांना सवलती लागू केल्या. केंद्राने मात्र १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश केला तो १९९० साली. मधली तीस वर्षे एकच विद्यार्थी राज्याच्या खिडकीवर मागास आणि दिल्लीच्या खिडकीवर कोणीही नाही, अशा अवस्थेत उभा होता. त्या काळातल्या नोंदींचा गोंधळ आजच्या नातवंडांच्या प्रमाणपत्रापर्यंत येऊन पोचलेला आहे.

जातीचा दाखला मिळाला म्हणजे भागले असेही नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा २००१ पासून अमलात आहे. खोटे दाखले काढून आपल्या जागा बळकावणाऱ्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू रास्त आहे, आणि त्याचे समर्थन आपणच केले पाहिजे. परंतु जात सिद्ध करण्याचा भार या कायद्याने अर्जदारावर टाकला आहे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला आणा, असे मुलाला सांगतात. पणजोबाला शाळेच्या आवारात पाऊल टाकू दिले नव्हते, हीच तर त्याची जात! जे नाकारले त्याचाच पुरावा मागायचा, हा विरोधाभास खिडकीपलीकडच्या माणसाच्या ध्यानातही येत नाही.

मग काय करायचे? तर कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ ची नक्कल तहसिलातून काढायची. त्यात जात लिहिलेली असे. आणि दुसरा मार्ग महार वतनाच्या जुन्या कागदांचा. ज्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, तीच बेडी आज पणतवाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुरावा म्हणून उपयोगी पडते. हे लिहिताना मनाला बरे वाटत नाही, पण कागद मिळतो. बारावीचे वर्ष सुरू होताच या नकलांच्या मागे लागले पाहिजे. निकालानंतर धावाधाव केली तर प्रवेशाची मुदत हाती राहत नाही.

आता विद्यापीठात येऊ. महाविद्यालयात प्रवेश झाला म्हणजे विद्यापीठात प्रवेश झाला असे मुले समजतात, आणि त्यांचा दोषही नाही. महाविद्यालय पावती देते, ओळखपत्र देते, वर्ग भरतात. पण महाविद्यालयाने कागद विद्यापीठाकडे पाठवून पात्रता, म्हणजे 'एलिजिबिलिटी' मंजूर करून घ्यावी लागते. त्यानंतर विद्यापीठ मुलाला कायम नोंदणी क्रमांक देते. तोच तो पीआरएन. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागते. ते आणले नाही तर पहिली पात्रता तात्पुरती राहते, आणि तात्पुरतीची मुदत संपल्याचे मुलाला कळते ते निकाल राखून ठेवल्यावर. दोन वर्षे शिकलेला मुलगा निकालाच्या दिवशी आपल्या नावापुढे गुणांच्या जागी 'राखीव' असा शब्द पाहतो. आपल्याला 'राखीव' या शब्दाची सवय आहे, त्यामुळे त्याला वाटते हे आरक्षणाचेच काहीतरी असणार. हा विनोद नाही. मला असे विचारणारा मुलगा भेटलेला आहे.

विषयनिवडीचा प्रश्न पूर्वी सोपा होता. कला शाखेला तीन विषय, पुढे एक विशेष विषय. शहाणा थोरला भाऊ नसला तरी चुकून फार चुकता येत नसे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्राने २०२३ साली काढलेल्या शासन निर्णयानंतर ही रचना मुळापासून बदलली. आता एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, एक गौण विषय, म्हणजे मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतील खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे, आणि प्रत्यक्ष कामाचे. प्रत्येकाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. हे श्रेयांक बँकेच्या पासबुकासारखे एका खात्यात जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांनी ही श्रेयांक-बँक सुरू केली.

कल्पना वाईट नाही. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात नेता यावेत, मध्येच शिक्षण सुटले तर केलेले वाया जाऊ नये, हे आपल्या मुलांच्या सोयीचेच वाटते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की पदव्युत्तर वर्गाला किंवा बी.एड.ला जाताना मेजर कोणता होता हे विचारतात. 'सोपा आहे', 'मित्राने घेतला', 'त्याच तुकडीत जागा होती' म्हणून घेतलेला मेजर तीन वर्षांनी दार बंद करतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पहिल्या वर्षानंतर जादा चार श्रेयांक पुरे करून बाहेर पडणाऱ्याला आता प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्या वर्षानंतर पदविका. याला 'एक्झिट' म्हणतात. पूर्वी शिक्षण सोडणाऱ्या मुलाला गळालेला म्हणत, तेव्हा निदान 'का गळाला?' असा प्रश्न तरी व्यवस्थेला विचारता येत होता. आता तो स्वतः होऊन बाहेर पडला अशी नोंद होणार. कोणाची मुले पहिल्या वर्षाला बाहेर पडतील आणि कोणाची चौथ्या वर्षापर्यंत टिकतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

विषयनिवडीच्या संदर्भात मी मुलांना नेहमी कोलंबिया विद्यापीठातील एक नोंद सांगतो. बाबासाहेब १९१३ साली तेथे दाखल झाले. तेथे विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडायचे, अशी पद्धत होती. विद्यापीठाच्या निबंधक कार्यालयातील नोंदीप्रमाणे १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी १ असे अभ्यासक्रम घेतले. बेरीज ६० होते. पदवी पदरात पाडून मोकळे व्हायचे असते तर एवढे विषय घेण्याचे कारण नव्हते. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मुदतीची होती आणि त्या मुदतीत विद्यापीठात जे जे मिळते ते ते आपल्या नावावर लिहून घ्यायचे, असा तो हिशेब दिसतो. सूचीपत्र वाचून काढल्याशिवाय असे करता येत नाही. आमची मुले प्रवेशपुस्तिका विकत घेतात, मागचा फॉर्म फाडून भरतात आणि पुस्तिका रद्दीत टाकतात. ती पुस्तिका हाच पहिला अभ्यासाचा ग्रंथ आहे, हे मी त्यांना सांगून थकलो.

याच नोंदींची दुसरी बाजू पाहा. १९१६ साली बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. तेथे त्यांनी मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोवेस डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाऊस यांच्याकडे सामाजिक उत्क्रांती व सामाजिक सिद्धान्त हे विषय घेतले. शुल्क १० पौंड १० शिलिंग होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण जाण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. हातात काही नसताना त्यांनी ती वाट मोकळी ठेवली, आणि १९२० साली ते परत गेले. तोवर शुल्क एक गिनी वाढून ११ पौंड ११ शिलिंग झाले होते. १९२१ च्या एप्रिलमध्ये उन्हाळी परीक्षेचा अर्ज मुदतीत पाठवायचा त्यांच्याकडून राहून गेला. तेव्हा संस्थेच्या सचिव श्रीमती मेअर यांनी लंडन विद्यापीठाच्या निबंधकांना पत्र लिहून उशिरा अर्ज स्वीकारण्याची परवानगी मागितली. त्याच साली बाबासाहेब एम.एस्सी. झाले आणि १९२३ साली डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ साली हाती आली, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याखेरीज तेथे पदवी देत नसत, आणि छपाईला पैसा लागतो.

एप्रिल १९२१ चा तो अर्ज मला वारंवार आठवतो, आणि त्याचे कारण अभिमानाचे नाही. ते सांगितलेच पाहिजे.

२०१८ च्या ऑक्टोबरात, मी नोकरीत असताना, आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. मातंग समाजातली, आईबाप ऊसतोडीला जाणारे. हुशार होती, पण वर्गात पाठीमागे बसे. तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे आले नव्हते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारकार्डावरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक, त्यामुळे बँक खाते आधारला जोडलेले नव्हते, आणि खाते जोडलेले नाही म्हणून रक्कम जमा नाही. परीक्षेचा अर्ज भरायला ती खिडकीवर गेली तेव्हा तिला सांगण्यात आले, "आधी मागची फी भर. मग फॉर्म." खिडकीवरचा गृहस्थ वाईट नव्हता. त्याला वरून तसे सांगितलेले होते. मुलगी फीच्या पैशांसाठी आईबापांमागे गेली. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, मुकादमाकडून उचल घेतलेली. ती अकरा दिवसांनी पैसे घेऊन आली. तोवर विलंब शुल्काची आणि अतिविलंब शुल्काचीही तारीख गेली होती. तारखांची सूचना फलकावर होती. ती इंग्रजीत होती, आणि तिच्यावर इतर सात सूचना डकवलेल्या होत्या.

ती माझ्याकडे आली. "सर, काही करता येईल का?" मी म्हणालो, "प्राचार्यांना भेट." आणि तासाला गेलो. मी विद्यापीठाला पत्र लिहू शकलो असतो. महाविद्यालयाच्या शिफारशीने उशिरा अर्ज स्वीकारल्याची उदाहरणे मला माहीत होती. मी आंबेडकरांवर व्याख्याने देत होतो, त्यांचे लंडनचे दिवस मुलांना रंगवून सांगत होतो. पण एक पत्र लिहिले नाही. प्राचार्य त्या दिवशी बाहेरगावी होते. मुलीचे वर्ष गेले.

यातल्या नियमांची बाजूही वाचकांनी समजून घ्यावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. अर्ज आधी महाविद्यालयातील लिपिकाच्या, मग प्राचार्याच्या, मग समाजकल्याणच्या तपासणीतून जातो. यांपैकी कुठेही तो नुसता पडून राहू शकतो. विद्यार्थी मात्र 'मी अर्ज भरला' म्हणून निर्धास्त असतो. २०२१ नंतर केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला, आणि मग त्याने महाविद्यालयाचे शुल्क भरायचे अशी रीत पडली. पैसे आले त्या आठवड्यात घरात कोणी आजारी असेल तर काय होते, ते सांगायला नको. शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळून परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे. हे दोन्ही कागद छापून आम्ही वसतिगृहाच्या भिंतीवर लावले आहेत. मुले त्यांचा फोटो काढून खिडकीवर दाखवतात. कधी उपयोग होतो, कधी "हे आमच्याकडे आलेलं नाही" असे उत्तर मिळते.

अशा वेळी तोंडी बोलून उपयोग नाही. अर्ज लेखी द्यावा, दोन प्रतींत द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. याला पोच म्हणतात. पोच मागितली की खिडकीवरचा आवाज बदलतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. पोच हाती असेल तर माहितीच्या अधिकारात पुढे विचारता येते की या क्रमांकाच्या अर्जाचे काय केले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला, तोही माहितीच्या कायद्याखालीच. आमच्या समाजात अर्ज लिहिण्याची परंपरा आहे. पण आपले अर्ज निवेदनाच्या स्वरूपाचे असतात, भाषा मोठी, मागण्या दहा. खिडकीवर द्यायचा अर्ज चार ओळींचा असावा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, पीआरएन, काय हवे, कोणत्या तारखेपर्यंत.

पदवी मिळाल्यावरही दप्तर सुटत नाही. गुणपत्रिका वेगळी, पदवी प्रमाणपत्र वेगळे. पुष्कळ मुले गुणपत्रिका घेऊन घरी जातात आणि पदवीप्रमाणपत्रासाठी अर्जच करीत नाहीत. दहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत ते मागितले की धावाधाव. परदेशी जायचे तर सर्व वर्षांच्या गुणांचा एकत्रित उतारा, ट्रान्सक्रिप्ट, विद्यापीठाकडून मोहोरबंद घ्यावा लागतो. आणि पदवीपत्राच्या माथ्यावर छापलेले नाव म्हणजे केवळ छपाई असते असेही समजू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. एका कागदाच्या वरच्या ओळीसाठी त्या मधल्या वर्षांत आपल्या वस्त्या जळाल्या आणि माणसे मेली. त्या ओळीचे मोल ज्याला कळले, त्याने आपली पदवी विद्यापीठाच्या कपाटात पडू देऊ नये.

निवृत्तीनंतर आम्ही वसतिगृहात एक लांब आखीव वही केली आहे. पहिल्या रकान्यात दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव, वेलांटीसह. पुढे आधारवरचे नाव, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, वैधतेचा अर्ज कुठवर आला, पात्रता मंजूर की तात्पुरती, पीआरएन, मेजर, मायनर, श्रेयांक किती जमले, शिष्यवृत्ती कोणाच्या टेबलावर, परीक्षा अर्जाची शेवटची तारीख. शेवटच्या रकान्यात पोच. दर रविवारी सकाळी दोन मोठी मुले वही उघडून बसतात आणि ज्याचा रकाना रिकामा त्याला हाक मारतात. कामाला सुरुवात झाली तेव्हा मुलांना हा जाच वाटे. आता नवीन आलेल्याला जुनी मुलेच वहीपाशी नेतात.

ती मुलगी गेल्या जूनमध्ये ओट्यावर आली होती. तिने राहिलेली परीक्षा पुढच्या वर्षी दिली, मधे लग्न झाले, आणि आता तिच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या आणि आधार सासरच्या नावाचे आहे. राजपत्रात नाव बदलाची जाहिरात कशी द्यायची ते तिने स्वतःच शोधून काढले होते. ती आली होती धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी. त्याची पिशवी तिने माझ्यापुढे केली नाही. कागद स्वतः लावले, प्रवेशपुस्तिका वाचून मेजर कोणता घ्यायचा यावर भावाशी अर्धा तास भांडली, आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन महाविद्यालयात गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी विचारले, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "उद्या या म्हणाले, सर." आणि शिक्का मारलेली दुसरी प्रत वहीत ठेवायला माझ्या हाती दिली.